चिकाचे पडदे मीच निवडले होते

बाई,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग त्याहून जुना आहे. परवा शाळेकडून एक गृहस्थ घरी आले होते. स्मरणिका काढायची आहे म्हणे. तुमच्याकडे शिकलेल्या आणि पुढे तुमच्याच हाताखाली शिकवलेल्या बायका आता फारशा उरल्या नाहीत, तेव्हा मी तुमच्या दोनचार चांगल्या आठवणी लिहून द्याव्यात. ‘चांगल्या’ या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला. त्यांच्या कानावर काहीतरी आलेलं असावं. मी हो म्हटलं, चहा दिला, आणि ते गेल्यावर कागद घेऊन बसले तर पहिल्याच ओळीत तुमच्याशी भांडायला लागले. तेव्हा त्यांचं लिखाण राहू दे. आधी हे.

चांगली आठवण हवी असेल तर ती माझ्याकडे आहे, आणि सगळी आग तिथूनच लागते. मी अकरा वर्षांची होते. आमच्या वर्गाच्या खिडक्यांच्या खालच्या काचांना शाळेच्या कमिटीने चुना फासून घेतला होता, मुली रस्त्याकडे बघतात म्हणून. तुम्ही सकाळी वर्गात आलात, त्या पांढऱ्या काचांकडे क्षणभर बघितलंत आणि आम्हाला म्हणालात, “फडकी भिजवून आणा.” आम्ही आठजणींनी काचा पुसल्या. मग तुम्ही म्हणालात, “आता बाहेर काय दिसतं ते वहीत लिहा.” मी लिहिलं, ‘रस्ता सुंदर दिसतो.’ तुम्ही ती ओळ खोडलीत. “सुंदर म्हणजे काय? काय दिसलं ते लिही.” मग मी लिहिलं की भोंगा होऊन गेल्यावर बायका गिरणीकडे पळतात, एकीच्या हातात चपला आहेत, एक टांगेवाला घोड्याशी बोलतोय. तुम्ही वही वर्गाला वाचून दाखवलीत. त्या दिवसापासून मी तुमची झाले, बाई. मला जे काही बघता येतं ते तुम्ही शिकवलेलं आहे. म्हणून तर तुम्हाला माफ करता येत नाही.

पुण्याला ट्रेनिंग करून मी परत आले ती तुमच्याच शाळेत शिकवायला. तोवर तुम्ही मुख्याध्यापिका झाला होतात. आणि वर्षभरात माझं लग्न झालं. माझे यजमान बार्शीचे. इथे सोलापुरात एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम करायचे. त्यांची आई ते नऊ वर्षांचे असताना गेली. वडील आणि धाकटा भाऊ यांना तेव्हापासून त्यांनी रांधून घातलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी भाकरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी परातीपुढे स्वतः बसले. “तू वह्या तपास. हे मला जमतंय की,” म्हणाले. एवढंच. त्यात कसली सुधारणा नव्हती आणि कसला आव नव्हता. त्यांची भाकरी चांगली व्हायची आणि माझी वाईट, आणि मी संध्याकाळी तीन वर्गांच्या वह्या घेऊन घरी यायचे.

आम्ही साळ्यांच्या एका घराच्या पुढच्या दोन खोल्या घेतल्या. मागच्या अंगाला त्यांचे माग दिवसभर खडखडत असत. आमच्या दोन खोल्यांना मिळून तीन खिडक्या, तिन्ही रस्त्याकडे, कारण मागे भिंत आणि मालकांकडे उघडणारं एक दार एवढंच होतं. पहिलं घर आमचं. भांडी चार, खाटही नव्हती, पण खिडक्यांना काय लावायचं यावर आम्ही आठ दिवस वाद घातला. मला आठवतं, मी किती खुश होते त्या वादात. ह्यांना वाळ्याचे पडदे हवे होते, थंडाव्यासाठी. मी म्हटलं, त्याला दिवसभर पाणी कोण मारणार? दोघंही बाहेर. कापड लावलं तर आधीच उन्हाळा, त्यात भर. शेवटी मी बुरूड गल्लीत गेले. तिथे एक बुरुडीण अंगणात बसून बांबूच्या कामट्या दोऱ्यात ओवत होती. तिने मला चिकाचा पडदा उजेडासमोर धरून दाखवला. “बगा बाई, दिवसा आतनं तुमास्नी समदं दिसंल. भायेरच्याला काय बी दिसत न्हाय. वारा बी येतो. पर सांजच्याला दिवा लावला की उलटं हुतंय. मग भायेरच्याला आतलं दिसतंय.” मी म्हटलं, “दिसू दे.” ती हसली. “तुमच्यात कुनी बोलणार न्हाय व्हय?” मी माप दिलं आणि तीन पडदे सांगून आले.

ते लावले त्या संध्याकाळी मी घासलेट आणायला गेले होते. परत येताना रस्त्याच्या पलीकडून आमची खिडकी दिसली. आत कंदील, आणि कामट्यांच्या बारीक रेघांमागे हे बसलेले, भाकरी थापत. हाताची लय दिसत होती. चेहरा नीट दिसत नव्हता, तरी मान जराशी वाकडी करून ते तव्याकडे बघतात हे ओळखू येत होतं. मी रस्त्यात उभी राहिले. आपलं घर बाहेरून बघितलेलं मी ते पहिल्यांदाच. आत जाऊन सांगितलं, तुम्ही रस्त्यावरून दिसता. ते म्हणाले, “दिसू दे की. भाकरीच थापतोय, दरोडा घालतोय काय?” आणि तो विषय संपला. आमच्यापुरता.

पाच की सहा आठवडे गेले असतील. एका रविवारी तुम्ही दारात उभ्या. मला इतका आनंद झाला, बाई! तुम्ही कुणाकडे जात नसा, आणि माझ्या घरी आलात. हातात मोठं बोचकं. मला वाटलं, आहेर. तुम्ही बसलात, पाणी प्यायलात, ह्यांना नमस्कार केलात, आणि ते बाहेर गेल्याबरोबर बोचकं सोडलंत. जाड हिरव्या कापडाचे तीन पडदे, आतून अस्तर लावलेलं, आणि खालच्या कडेला बंद शिवलेले.

“हे बंद कशाला?” मी विचारलं.

“वाऱ्याने उडू नयेत म्हणून. खाली खिळे मारून बांधून टाक.”

मग तुम्ही सांगितलंत. कमिटीकडे तक्रार आली होती. शिक्षिकेचा नवरा रोज संध्याकाळी चुलीपुढे बसतो आणि शिक्षिका भिंतीला टेकून, पाय पसरून वाचत असते, आणि हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. अशी बाई मुलींना काय शिकवणार. दिवसभर फळ्यासमोर उभं राहिलेले पाय होते ते, बाई. वर्गात शिक्षिकेला बसायची मुभा तुमच्या शाळेत नव्हती.

मी म्हटलं, “बाई, यात चूक काय आहे?”

तुम्ही म्हणालात, “चूक काही नाही. तुझ्या घरात कोण भाकरी करतं याच्याशी मला कर्तव्य नाही. तो भला माणूस आहे. पण ते रस्त्यावरून दिसता कामा नये. अशी एक तक्रार गावात फिरली की दहा बाप मुलींची नावं काढून घेतात. मला माझ्या मुली शाळेत हव्या आहेत.”

“आणि मी?”

“तूही हवी आहेस. म्हणून तर पडदे आणले.”

पण त्या उत्तराहून मला जास्त लागलं ते तुम्ही निघताना सहज म्हणालात ते. “शिलाई चांगली झाली आहे ना? सहावीच्या मुलींनी केली.” माझ्या वर्गातल्या मुली! त्यांना मी रोज शिकवत होते, आणि दुपारी शिवणाच्या तासाला त्या माझ्या खिडक्या बुजवायचे पडदे शिवत होत्या. त्यांना काय सांगितलं होतंत तुम्ही? काहीच सांगितलं नसणार. मुलींना काही सांगावं लागत नाही, त्या समजून घेतात, आणि मग जन्मभर तसंच वागतात.

मी पडदे लावले. हे लिहिताना आजही कान तापतात, पण लावले. नोकरी हवी होती, आणि त्याहूनही तुम्ही हव्या होतात. ह्यांनी खिळे मारले, बंद बांधले. चिक गुंडाळून माळ्यावर गेले. फाल्गुन संपत आला होता.

सोलापूरचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगावा. त्या दोन खोल्यांत संध्याकाळीसुद्धा भिंतींना हात लावता येत नसे. चूल पेटली की धूर जायला जागा नाही, वारा यायला जागा नाही. मालकांची म्हातारी आई मागच्या दारातून डोकावून आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणायची, “काय बाई, उन्हाळ्यात खिडकीला गोधडी बांधली? माणसं भाजता काय?” मी ह्यांना म्हटलं, मी करते स्वयंपाक, तुम्ही अंगणात बसा. ते म्हणाले, “म्हणजे मग पडदे कशाला लावले? ती माणसं जिंकलीच की.” आणि घाम पुसत थापत राहायचे. एका संध्याकाळी मी वही तपासत असताना परात वाजली. बघते तर हे पुढे कलंडले होते. घेरी आली, आधाराला हात टाकला तो तव्यावर. मला त्यांना उचलायला किती वेळ लागला मला माहीत नाही. उजवा तळवा आणि बोटं. म्हातारी धावत आली, घागरीत हात बुडवून धरला, आणि मुलाला सांगून पहिल्यांदा काय केलं असेल तर तिन्ही पडद्यांचे बंद कापायला लावले. वारा आत आला. तेवढं मला त्या संध्याकाळचं स्वच्छ आठवतं, वारा आत आला ते.

ज्या माणसाचं पोट उजव्या हाताने खिळे वेचण्यावर आहे त्याचा उजवा हात. डॉक्टर म्हणाले, हात वाचेल, बोटांचं सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मी ते पडदे धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि शाळेत तुमच्या टेबलावर नेऊन ठेवले. मधली सुट्टी संपत आली होती. तुम्ही चष्मा काढलात.

“हात कसा आहे त्यांचा?”

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. “तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं, “आणि तुम्ही आला नाहीत.”

“मी आले असते तर तेही लोकांना दिसलं असतं.”

बाई, या वाक्यावर मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. मला शब्दन् शब्द आठवत नाही. मी ओरडले एवढं आठवतं. तुम्ही म्हणालात, “मुली वर्गात आहेत. आवाज खाली कर.” मी म्हटलं, “ऐकू दे मुलींना. तुम्हीच आम्हाला काचा पुसायला लावल्या होत्या.”

“त्या काचांपायी मला काय ऐकावं लागलं ते तुला ठाऊक नाही.”

“मग सांगायचं होतं.”

“तू अकरा वर्षांची होतीस.”

“आज आहे का मी अकरा वर्षांची?”

घंटा झाली. तुम्ही पडद्यांवर हात ठेवून बसला होतात. मी वर्गावर गेले आणि सहावीला भूगोल शिकवला.

घरी येऊन मी चिक पुन्हा लावले. ह्यांना काम करता येत नव्हतं, तेव्हा भाकऱ्या मीच थापत होते, जाड, कडेला फाटलेल्या. हे भिंतीला टेकून, हात उशीवर ठेवून बसायचे. म्हणजे रस्त्यावरून आता बाई चुलीपुढे आणि पुरुष बसलेला असं दिसत होतं. समोरच्या ओट्यावरून एकजण दुसऱ्याला म्हणाला, “आता शोभतंय.” मी आत ऐकलं. एका माणसाची बोटं जळाली होती आणि ते शोभत होतं!

कमिटीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. शाळेच्या शिस्तीस बाधक वर्तन, सबब सेवा संपुष्टात. मजकूर कारकुनाच्या हातचा, खाली सही तुमची. सही करावी लागली असेल, हे मी तेव्हाही समजू शकले असते. पण त्या पत्रात कारकुनाने ‘शिस्तिस’ असं ऱ्हस्व लिहिलं होतं आणि तुम्ही ते तुमच्या शाईने दीर्घ केलं होतंत. मला काढून टाकण्याच्या पत्राचं शुद्धलेखन तपासलंत, बाई! ते वाचून हे भाजलेला हात धरून हसले आणि मग दुखलं म्हणून कण्हले. मी हसू शकले नाही. मला वाटलं, एवढं नीट वाचलंत, प्रत्येक अक्षर बघितलंत, आणि तरी सही केलीत.

पुढचं तुम्हाला उडत उडत ठाऊक असेल. त्या वर्षी मला मुन्सिपालटीच्या मुलींच्या शाळेत जागा मिळाली. ह्यांची दोन बोटं वाकडी राहिली, पण अंगठा आणि तर्जनी वाचली. सहा महिन्यांनी ते पुन्हा छापखान्यात उभे राहिले, आधी हळू, मग बऱ्यापैकी. भाकरी थापायला लागले तेव्हा त्यांच्या भाकरीवर एका बाजूला दोन खळगे उमटायचे. आमच्या मुलांना वाटायचं भाकरी तशीच असते.

आपण एकाच गावात राहिलो आणि तुम्ही जाईपर्यंत नऊ वर्षं बोललो नाही. एकदा तुम्ही भाजीबाजारात समोरून आलात, छत्री मिटलीत, आणि काहीतरी बोलणार होतात. मी रस्ता ओलांडला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुम्ही काय बोलणार होतात हे मला कळायला हवं होतं असं कधीकधी वाटतं, पण पश्चात्ताप नाही. तुम्ही शाळा वाचवलीत, मुली वाचवल्यात, असं लोक म्हणतात, आणि तसंच असेलही. पण त्या सहावीच्या मुलींपैकी एक पुढे माझ्या शाळेत शिक्षिका म्हणून आली, आणि पहिल्या दिवशी ती माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाली, “बाई, त्या पडद्यांचे बंद मी शिवले होते.” तेरा वर्षांच्या पोरीच्या मनावर तुम्ही हे ठेवून दिलंत. मी तिला जवळ घेतलं. ते काम तुमचं होतं.

यातली एक ओळही त्या स्मरणिकेच्या गृहस्थांच्या हाती पडणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तर कशी पोचणार. म्हणून राहिलेलं एक सांगून टाकते.

तुम्ही गेलात त्या दिवशी हे दुपारी जेवायला आले. हात धुताना म्हणाले, “तुझ्या बाई गेल्या. कमिटीकडून निधनाची चौकट आलीय, उद्याच्या पेपरात छापायला. माझ्याकडंच दिलीय जुळवायला.” मी विचारलं, काय लिहिलंय? त्यांना पाठ होतं. मोठ्या मुख्याध्यापिका वगैरे, आणि मग, ‘कमिटीच्या आज्ञेत राहून त्यांनी आयुष्यभर शाळेची सेवा केली.’

मी ताट बाजूला सारलं. “ते ‘कमिटीच्या आज्ञेत राहून’ काढा.”

“मजकूर गिऱ्हाइकाचा असतो. मला काना-मात्रा हलवता येत न्हाय.”

“काढा म्हणते ना.”

“तू? तू सांगतीस हे?”

मी भांडले त्यांच्याशी. ज्या माणसाची बोटं तुमच्या पडद्यांमागे वाकडी झाली त्याच्याशी मी तुमच्या बाजूने भांडले, जेवण टाकून. दुसऱ्या दिवशी चौकट आली त्यात ते तीन शब्द नव्हते. कमिटीतले एक वकील छापखान्यात आले. मालकांनी ह्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं. हे म्हणाले, “नजरचूक झाली.” इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक शब्द गळला नव्हता.

ती नजरचूक नव्हती, बाई. ती मी करायला लावली. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते शब्द खोटे होते म्हणून काढले. खोटे नव्हते. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? ते खरे होते, आणि तुमच्या नावाखाली छापलेले मला बघवले नसते.